बंदुकीचा फॉर्म आणि गप्प राहण्याचा हक्क

अमेरिकेत बंदुकांवरून वाद पेटला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: बंदुकीची नोंदणी करायची ती सज्जनांनी, गुन्हेगाराला तर ती न करण्याची सूट खुद्द सर्वोच्च न्यायालयानंच देऊन ठेवली आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. पण ती थाप नाही, त्यामागे १९६८ सालचा खरा निकाल आहे. मात्र त्या निकालाची अर्धीच गोष्ट या वाक्यात येते. सरकारनं नागरिकाला प्रश्न केव्हा विचारावा, कुणाला विचारावा आणि मिळालेल्या उत्तराचं पुढे काय करावं, हे उरलेल्या अर्ध्या गोष्टीत आहे. बंदूक विकत घेताना गिऱ्हाइकाची जी पार्श्वभूमी तपासतात, ती घटनेत बसते की नाही, हेही त्यावरच ठरतं.

आधी हा हक्क म्हणजे नेमकं काय ते पाहू.

अमेरिकेच्या घटनेची पाचवी दुरुस्ती १७९१ सालची. तिच्यात इतर काही हक्कांच्या जोडीला एक छोटीशी तरतूद आहे: फौजदारी प्रकरणात कुणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही. तिचं मूळ इंग्लंडात आहे. सतराव्या शतकात तिथं स्टार चेंबर नावाच्या न्यायासनापुढे माणसाला उभं करत, आधी शपथ घ्यायला लावत आणि मग विचारत, सांग, तू काय काय केलंस. आरोप कोणता, हे त्याला धड सांगितलेलंही नसे. राजाला किंवा चर्चला नको असलेली मतं बाळगणाऱ्या माणसापुढे मग तीनच वाटा उरत. खरं सांगून शिक्षा ओढवून घ्यायची, शपथेवर खोटं बोलून देवाचा अपराधी व्हायचं, नाहीतर तोंड मिटून त्याबद्दलच तुरुंगात जायचं. जॉन लिलबर्न या तरुणानं शपथ घ्यायला नकार दिला, तेव्हा १६३८ मध्ये त्याला लंडनच्या रस्त्यांवरून फटके मारत नेलं. तीन वर्षांनी स्टार चेंबर बरखास्त झालं. त्या तीन वाटांची कोंडी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

या हक्काला मर्यादा आहेत. सक्ती असली पाहिजे. आपण होऊन बोललेलं किंवा लिहिलेलं यात येत नाही. माणसाच्या मनातली माहिती त्याच्या शब्दांतून काढून घेतली जात असली पाहिजे. बोटांचे ठसे, रक्ताचा नमुना यांना हे संरक्षण नाही. आणि उत्तरामुळे शिक्षेचा खराखुरा धोका असला पाहिजे. नुसती नाचक्की होईल म्हणून गप्प राहता येत नाही.

आपल्या घटनेतही हा हक्क आहे, कलम २० च्या तिसऱ्या उपकलमात. ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने यांबाबत आपलं सर्वोच्च न्यायालयही याच निष्कर्षाला आलं, आणि तो १९६१ चा निकाल जुन्या मुंबई राज्यातल्या खटल्यातून आलेला आहे: मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड, ११ न्यायमूर्तींचं पीठ. पण एक फरक मोठा आहे. आपलं कलम 'गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला' संरक्षण देतं. १९७८ च्या नंदिनी सत्पथी खटल्यात न्यायालयानं ते पोलिसांच्या चौकशीपर्यंत नेलं, तरीही सरकारी कचेरीत एखादा अर्ज भरणारा माणूस आरोपी नसतो. अमेरिकेत हा हक्क बराच पसरलेला आहे. साक्षीदार, करदाता, परवान्यासाठी अर्ज करणारा, कुणीही म्हणू शकतो की या प्रश्नाचं उत्तर मला गुन्ह्यात अडकवेल, म्हणून मी ते देत नाही. त्यामुळेच तिथं साध्या छापील फॉर्मवरूनही खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात.

आता बंदुकीकडे येऊ.

भारतात बंदूक हवी असेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आधी परवाना काढावा लागतो, त्यासाठी पोलिसांचा अहवाल लागतो, आणि नाही म्हणण्याचा अधिकार प्रशासनाकडे असतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत साधी बंदूक घ्यायला असा परवाना लागत नाही. दुकानात जायचं, बंदूक निवडायची आणि एक फॉर्म भरायचा. त्याचा क्रमांक ४४७३. गंभीर गुन्ह्यात तुम्हाला शिक्षा झाली आहे का? तुमच्यावर तसा खटला चालू आहे का? तुम्ही फरारी आहात का? गांजा किंवा इतर अमली पदार्थ बेकायदा घेता का? घरगुती हिंसाचारात दोषी ठरला आहात का? देशात बेकायदा राहत आहात का? असे प्रश्न, प्रत्येकापुढे हो किंवा नाही, आणि खाली सही.

हे प्रश्न १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमधून आले. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी या कायद्यावर सही केली. पण त्यानंतर पाव शतक त्या उत्तरांची शहानिशा करण्याची सोयच केंद्राच्या कायद्यात नव्हती. गिऱ्हाइकानं 'नाही' लिहिलं की दुकानदार ते खरं मानून बंदूक देई. १९८१ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. हल्लेखोराचं रिव्हॉल्व्हर डॅलसमधल्या एका गहाणवटीच्या दुकानातून घेतलेलं होतं. रेगन वाचले. त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि पुढचं आयुष्य त्यांना चाकाच्या खुर्चीत काढावं लागलं. त्यांनी आणि त्यांची पत्नी सेरा यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १९९३ च्या ३० नोव्हेंबरला ब्रेडी कायदा झाला. बरोबर पाच वर्षांनी, १९९८ मध्ये, एफबीआयची संगणकावरची तपासणी यंत्रणा सुरू झाली. तिला निक्स म्हणतात आणि तिचं केंद्र वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला आहे.

दुकानदार फोनवरून किंवा संगणकावरून गिऱ्हाइकाचं नाव, जन्मतारीख वगैरे कळवतो. समोरून तीनपैकी एक उत्तर येतं: द्या, देऊ नका, किंवा थांबा. थांबा म्हटल्यावर कामाच्या तीन दिवसांत पक्कं उत्तर आलं नाही, तर केंद्राच्या कायद्यानं दुकानदाराला बंदूक देण्याची मुभा आहे. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांचा जीव घेणाऱ्याला पिस्तूल मिळालं ते याच फटीतून. विक्रीला होकार मिळाला की गिऱ्हाइकाची ओळख सांगणारा तपशील निक्सला २४ तासांत पुसावा लागतो, कारण देशभरातल्या बंदूकधारकांची केंद्रीय यादी तयार होऊ नये असं १९८६ पासून कायदाच सांगतो. फॉर्मचा कागद मात्र दुकानदाराच्या दप्तरी राहतो.

या यंत्रणेत गिऱ्हाइकाच्या तोंडच्या उत्तरापेक्षा न्यायालयांच्या आणि पोलिसांच्या नोंदींना जास्त वजन आहे. तुम्हाला शिक्षा झाली आहे, हे सरकारनंच कुठेतरी आधी लिहून ठेवलेलं असतं. ती नोंद सापडली की झालं. तुमच्या कबुलीची तिथं फारशी गरज पडत नाही.

आता तो १९६८ चा निकाल.

दारूबंदीच्या काळात टोळीयुद्धांनी अमेरिकेची शहरं हादरली होती. त्यावर उतारा म्हणून १९३४ मध्ये नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आला. मशीनगन, सायलेन्सर, नळी कापून आखूड केलेल्या शॉटगन अशा टोळ्यांच्या आवडत्या शस्त्रांवर सरकारनं २०० डॉलरचा कर बसवला. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. कर भरून, रीतसर कागद करून शस्त्र घेतलं असेल तर ठीक. आणि ज्यांनी तसं घेतलेलं नाही, त्यांनी? त्यांच्यासाठी एक वेगळं कलम होतं: त्यांनी आपल्याजवळच्या शस्त्राची नोंदणी करावी.

हे कलम नीट पाहा. रीतसर शस्त्र घेणाऱ्याला या नोंदणीतून सूट होती. म्हणजे नोंदणीची सक्ती उरली ती जवळजवळ फक्त अशांवर, ज्यांच्या हातात शस्त्र आलं तेच कायदा मोडून. नोंदणी केली तर बेकायदा शस्त्र बाळगल्याची लेखी कबुली सरकारदरबारी जमा, आणि ती माहिती पोलिसांपर्यंत जाण्याची तजवीजही होती. नोंदणी केली नाही तर नोंदणी न केल्याचा गुन्हा. कुठल्याही बाजूनं वळा, शेवट तुरुंगातच.

टेक्सासमधला हेन्स नावाचा माणूस असाच, नोंदणी नसलेली आखूड शॉटगन बाळगल्याबद्दल पकडला गेला. त्यानं पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला. १९६८ च्या २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध एक अशा मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती हार्लन यांचं होतं, विरोधात एकटे सरन्यायाधीश अर्ल वॉरन. ज्या माणसाला खरं सांगितलं तर शिक्षेचा खरा धोका आहे आणि ज्यानं हा हक्क रीतसर मागितला आहे, त्याला नोंदणी न केल्याबद्दल किंवा नोंदणी नसलेलं शस्त्र बाळगल्याबद्दल शिक्षा करता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

त्याच दिवशी जुगाराच्या दोन खटल्यांतही असाच निकाल लागला. सट्टा घेणाऱ्यांनी कर भरून नोंदणी करावी असा केंद्राचा कायदा होता, आणि जवळपास सगळ्या राज्यांत सट्टा हा गुन्हा होता. नोंदणी केलेल्यांची यादी राज्यांच्या पोलिसांना मिळत असे. पुढच्या वर्षी गांजावरच्या १९३७ च्या कराचीही तीच गत झाली. त्या खटल्यात मानसशास्त्रज्ञ टिमथी लीरी जिंकले. हे सगळे कायदे एकाच साच्याचे होते. आधी संशयितांचा एक छोटा गट वेगळा काढायचा आणि मग त्यांनाच सांगायचं, या, नाव नोंदवा.

उरलेली अर्धी गोष्ट इथून सुरू होते. न्यायालयानं बंदुकांची नोंदणी घटनाबाह्य ठरवलीच नव्हती. गुन्हेगाराला बंदूक बाळगण्याचा हक्कही दिला नव्हता. त्यानं दोष काढला तो फक्त प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत. आणि संसदेनं त्याच वर्षी ती पद्धत बदलली. नव्या कायद्यात नोंदणीचा भार शस्त्र बाळगणाऱ्यावरून काढून बनवणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर आणि देणाऱ्यावर टाकला. ज्यांच्याजवळ आधीपासून बिननोंदणीची शस्त्रं होती, त्यांना २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९६८ असा एक महिना दिला: या, नोंदवा, कारवाई होणार नाही. शिवाय एक कलम घातलं की नोंदणीसाठी दिलेली माहिती त्याआधीच्या किंवा त्याच वेळच्या गुन्ह्यासाठी त्या माणसाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. १९७१ मध्ये हातबॉम्बच्या एका खटल्यात हा नवा कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि घटनेच्या कसोटीला उतरला. तो निकाल न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहिला. नागरी हक्कांच्या बाबतीत त्या काळी त्यांच्याइतके आग्रही न्यायाधीश थोडेच होते.

म्हणून 'गुन्हेगाराला नोंदणीतून सूट' हे वाक्य आज कुणी ऐकवलं तर त्याला विचारावं, सूट मिळून त्याचा फायदा काय झाला? गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाच्या हातात बंदूक सापडली तर नोंदणी असो वा नसो, ती बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि २०२२ पासून त्याला कमाल १५ वर्षांची शिक्षा आहे.

मग पार्श्वभूमी तपासणीला हेन्सचा निकाल लागू होतो का? माझ्या मते बहुतेक प्रश्नांना नाही, आणि एका प्रश्नाला मात्र बराच.

नाही का, ते आधी सांगतो. हेन्सच्या वेळचा प्रश्न होऊन गेलेल्या गुन्ह्याबद्दल होता. फॉर्मवरचा प्रश्न बंदूक हातात येण्याआधीचा आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसानं 'शिक्षा झाली होती का' यापुढे खरं 'हो' लिहिलं तर तो नव्या कोणत्याच गुन्ह्याची कबुली देत नाही, कारण शिक्षा झालेली सरकारला माहीतच आहे. केंद्राच्या कायद्यात खरं उत्तर देऊन रिकाम्या हाती परतणं हा गुन्हा नाही. दुसरं म्हणजे हा फॉर्म संशयितांच्या गटासाठी नाही. दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाला, शाळेतल्या शिक्षिकेलाही आणि निवृत्त पोलिसालाही, तोच फॉर्म भरावा लागतो. १९७१ च्याच कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात हा मुद्दा निर्णायक ठरला होता. अपघात झाल्यावर थांबून नाव सांगा, अशी सक्ती करणारा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी टिकला, कारण तो सगळ्याच वाहनचालकांसाठी होता.

तिसरं कारण सक्तीचं. फॉर्म न भरता दुकानातून बाहेर पडायला कुणी अडवत नाही. एखादा प्रश्न कोरा ठेवलात तर दुकानदार बंदूक देणार नाही, एवढंच.

यातलं शेवटचं कारण मला सगळ्यांत कच्चं वाटतं. १९६७ मध्ये न्यू जर्सीतल्या पोलिसांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की उत्तर दे नाहीतर नोकरी जाईल, असं सांगणं हीसुद्धा सक्तीच आहे. १९६८ मध्ये, हेन्सच्या निकालानंतर दोनच महिन्यांत, त्याच हार्लन यांनी दुसऱ्या एका निकालात लिहिलं की घटनेनं दिलेला एक हक्क मिळवण्यासाठी दुसरा सोडून द्यायला लावणं सहन करता येणार नाही. तेव्हा बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क मानला जात नव्हता. २००८ च्या हेलर निकालानं तो तसा ठरवला. मग बंदूक घेणं हा हक्क असेल, तर 'नको असेल तर घेऊ नका' हे उत्तर पूर्वीइतकं सोपं राहत नाही.

हा कच्चेपणा जिथं उघडा पडतो तो प्रश्न गांजाचा.

अमेरिकेत आज वीसहून अधिक राज्यांत प्रौढांना गांजा दुकानातून उघडपणे विकत घेता येतो. केंद्राच्या कायद्यात मात्र तो बाळगणं अजूनही गुन्हा आहे. आणि गांजा बेकायदा घेणाऱ्यानं बंदूक जवळ ठेवणं हा त्याहून मोठा, वेगळा गुन्हा आहे. फॉर्मवर या प्रश्नाखाली ठळक सूचना छापलेली असते: तुमच्या राज्यानं औषध म्हणून किंवा मौजेसाठी परवानगी दिली असली, तरी केंद्राच्या कायद्यानं गांजा बेकायदाच आहे.

आता कॉलोराडोतल्या एखाद्या माणसाचा विचार करा. सांधेदुखीसाठी तो राज्याच्या परवानगीनं गांजा घेतो आणि वडिलांची जुनी शिकारीची बंदूक त्याच्या घरात आहे. त्याला घरच्या संरक्षणासाठी एक पिस्तूल हवं आहे. त्यानं 'हो' लिहिलं तर गांजा बाळगल्याची आणि घरातल्या बंदुकीच्या गुन्ह्याची कबुली त्याच्याच सहीनिशी कागदावर येते. 'नाही' लिहिलं तर खोटं विधान केल्याबद्दल १० वर्षांपर्यंत शिक्षा. कोरं सोडलं तर बंदूक नाही. स्टार चेंबरपुढच्या त्या तीन वाटांपैकी दोन इथं जशाच्या तशा आहेत. तिसरीत तुरुंगाऐवजी दुकानाचं दार आहे, आणि हा फरक मोठा आहे, हे मी मान्य करतो. पण शिक्षेच्या प्रश्नाला लागू पडणारं पहिलं समर्थन इथं चालत नाही. गांजा घेणाऱ्यांची नोंद सरकारकडे आधीपासून नसते, म्हणजे माहिती येते ती त्याच्याच तोंडून. आणि उत्तर आधीच घडलेल्या आणि अजून चालू असलेल्या गुन्ह्याबद्दल आहे.

यावर उपाय नवा शोधायला नको. १९६८ च्या कायद्यातलं ते कलम, नोंदणीतली माहिती त्या माणसाविरुद्ध पुरावा म्हणून न वापरण्याचं, हातबॉम्ब आणि मशीनगनच्या नोंदणीला लागू आहे. तेच ४४७३ च्या खऱ्या उत्तरांना लावावं. अशी हमी दिली तर माणसाला उत्तर द्यायला भाग पाडणं घटनेला मान्य आहे, हे १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एका निकालात स्पष्ट केलं आहे. 'हो' लिहिणाऱ्याला बंदूक मिळणार नाही, आणि त्याचं 'हो' त्याच्याच गळ्यात अडकवलं जाणार नाही. तपासणीचा हेतू धोकादायक हातांत बंदूक जाऊ नये हा असेल, तर खरं उत्तर देणाऱ्याला घाबरवून काय साधतं? घाबरलेला माणूस 'नाही' लिहितो, आणि गांजाच्या बाबतीत ते 'नाही' पकडायला संगणकात सहसा काही सापडत नाही.

खोटं लिहून मात्र या हक्कामागे लपता येत नाही, आणि याबद्दल न्यायालयांनी कधी संदिग्धता ठेवलेली नाही. १९६९ मध्ये दोन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारनं विचारलेला प्रश्न घटनेत बसत नाही असं वाटत असेल तर उत्तर नाकारा आणि न्यायालयात भांडा, पण खोटं उत्तर देऊन नंतर प्रश्नच चुकीचा होता असं म्हणू नका. १९९८ मध्ये न्यायमूर्ती स्कालिया यांनी आणखी एक पळवाट बंद केली. गुन्हा नाकारण्यापुरतं नुसतं 'नाही' म्हटलं तर ते खोटं विधान धरू नये, असं काही खालची न्यायालयं मानत होती. स्कालिया यांनी लिहिलं की पाचवी दुरुस्ती गप्प राहू देते, खोटं बोलू देत नाही.

हंटर बायडन यांचा खटला याच रेषेवरचा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये डेलावेअरमध्ये त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं आणि अमली पदार्थांच्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं. २०२४ च्या ११ जूनला विल्मिंग्टनच्या ज्युरीनं त्यांना तिन्ही आरोपांत दोषी ठरवलं. दोन आरोप फॉर्मवरच्या खोट्या उत्तराचे, एक व्यसनी असताना बंदूक बाळगल्याचा. सरकारी वकिलांनी त्यांच्याच आत्मचरित्रातले व्यसनाचे भाग त्यांच्याच आवाजात ज्युरीला ऐकवले. ते पुस्तक कुणी जबरदस्तीनं लिहून घेतलेलं नव्हतं, म्हणून तिथं पाचवी दुरुस्ती कामाची नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या वडिलांनी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी, त्यांना माफी दिली.

असे खटले किती होतात? फारच थोडे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१८ मध्ये आकडे काढले. २०१७ च्या आर्थिक वर्षात एफबीआयनं सुमारे १ लाख १२ हजार विक्रींना नकार दिला. त्यातली सुमारे १२,७०० प्रकरणं तपासासाठी पुढे गेली. जून २०१८ पर्यंत केंद्राच्या सरकारी वकिलांनी खटले भरले ते १२. बंदूक नियंत्रणाच्या दोन्ही बाजूंना हा आकडा टोचतो, आणि टोचायलाच हवा. ज्याला बंदूक नाकारली तो खोटं बोलला असेल, तर तो दुसरीकडून ती मिळवण्याचा प्रयत्न करेल ही भीती खरी आहे. २०२२ मध्ये कायदा बदलून नकाराची माहिती २४ तासांत स्थानिक पोलिसांना कळवण्याची सक्ती केली. पण हे आकडे एक गोष्ट दाखवतात: ही व्यवस्था माणसाकडून कबुली उकळण्यासाठी चालवलेली नाही. ती चाळणी म्हणून चालते, आणि घटनेच्या दृष्टीनं ती टिकते त्याचं हेही एक कारण आहे.

खासगी विक्रीचा प्रश्न यातूनच सुटतो. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला बंदूक विकली तर केंद्राचा कायदा तपासणी मागत नाही, तो परवानाधारक विक्रेत्यालाच बांधतो. अनेक राज्यांनी मात्र खासगी विक्रीलाही तपासणी सक्तीची केली आहे. त्यावर आक्षेप येतो की घेणारा गुन्हेगार असेल तर तो पाचवी दुरुस्ती पुढे करेल आणि कायदा लुळा पडेल. पण तपासणी करून घेण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली की हा आक्षेप गळून पडतो. विकणाऱ्याला स्वतःविरुद्ध काहीच कबूल करायचं नसतं. १९६८ च्या दुरुस्तीनं नेमकं हेच केलं होतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना केंद्राच्या कायद्यानं एरवी बंदूक घेता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, आणि फॉर्मवर व्हिसाबद्दल थेट प्रश्नच आहे. ग्रीन कार्डधारकांना घेता येते, पण त्यांनी गांजाचा प्रश्न दोनदा वाचावा. इमिग्रेशनच्या कायद्यात अमली पदार्थाच्या गुन्ह्यासाठी शिक्षाच व्हावी लागते असं नाही, त्या कृत्याची नुसती कबुलीही आड येऊ शकते. परदेशातून परतताना आणि नागरिकत्वाच्या अर्जात तिचा त्रास होऊ शकतो. कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत गांजाची गोळी पावती घेऊन विकत घेतलेली असली तरी नागरिकत्व देणारं खातं केंद्राचाच कायदा पाहतं. म्हणून या प्रश्नापाशी पेन अडखळलं, तर हो किंवा नाही यातलं काहीच लिहू नये. फॉर्म काउंटरवर परत ठेवावा आणि आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटावं. कारण सही केल्यावर निक्सनं नकार दिला आणि बंदूक हातात आलीच नाही, तरी खोट्या उत्तराचा गुन्हा तोवर घडून गेलेला असतो.